चष्मा काढला की आवाज खाली

गावात कुठंही स्टेज उभं राहिलं, की त्यावर पहिला चढायचा तो हॅलो. मंत्री नंतर, अधिकारी नंतर, सतरंजीसुद्धा नंतर. माईकवर दोनदा टिचकी मारायची, घसा खाकरायचा आणि म्हणायचं, "हॅलो, हॅलो." उभ्या आयुष्यात माईकवर तो एवढंच बोलला. लोकांनी त्याचं नावच ते ठेवलं. बायको लग्न होऊन आली ती थेट हॅलोवहिनी झाली. "बरं झालं तुम्ही वन-टू-थ्री म्हणत नव्हता," ती म्हणायची, "नाहीतर जन्मभर आकडेमोड चिकटली असती मला."

बाजारामागच्या गल्लीत त्याचं दुकान. बाप तिथं रेडिओ दुरुस्त करायचा, पोरानं माईक भाड्यानं द्यायला सुरुवात केली. आत पाय ठेवायला जागा नाही. एकात एक घातलेले कर्णे, वायरींची भेंडोळी, आणि मधोमध पत्र्याच्या पेटीतला ॲम्प्लिफायर. हा इतका तापायचा की हॅलो त्याच्यावर चहाचा कप ठेवायचा. "दोन कामं होतात," म्हणायचा. कानाला एक हेडफोन, त्याच्या एका बाजूचा स्पंज कधीच गळून गेलेला. पण हॅलोचं सगळं सुख त्या हेडफोनात होतं. माईकमध्ये जे पडेल ते आधी त्याच्या कानात यायचं; पुढं कर्ण्यातून लोकांपर्यंत किती जाऊ द्यायचं, ते त्याच्या अंगठ्याखालच्या बटणावर.

या बटणानंच साहेबांना मंत्री केलं, असं हॅलोचं ठाम मत होतं. ते त्यानं बायको सोडून कुणाला सांगितलं नव्हतं.

साहेब तेव्हा साहेब नव्हते. शाळेत भूगोल शिकवणारा एक लुकडा मास्तर, पहिल्यांदाच निवडणुकीला उभा राहिलेला. बाजारचौकात हातगाडी आडवी लावून सभा. शेजारी खुर्चीत गावचा लाकूडवखारवाला, मास्तरच्या पाठीशी उभा राहिलेला एकटा वजनदार माणूस. वजनदार दोन्ही अर्थांनी. मास्तर रस्त्यांवर बोलत होता, लोक ऐकत होते, आणि वखारवाल्याला झोप लागली. मास्तरनं बोलता बोलता चष्मा काढला, काच सदऱ्याला पुसली, मान डावीकडं वळवली आणि पुटपुटला, "यांना उठवू नका हं. जागे झाले की भाषण करतील."

पण मान वळली तेव्हाच हॅलो सावध झाला होता. कारण आदल्याच दिवशी पलीकडच्या चौकात समोरचा उमेदवार भाषण संपल्यावर शेजाऱ्याला म्हणाला होता, "चला, हाकली मेंढरं." माईक चालूच. चारी कर्ण्यांनी ते चारी दिशांना ओरडून सांगितलं. त्यानंतर त्या माणसाला गावात कुणी पाणी विचारलं नाही. ते आठवलं आणि मास्तरच्या तोंडून पहिला शब्द फुटायच्या आत हॅलोचा अंगठा आपोआप खाली गेला. वखारवाल्याची झोप, मास्तरचं पुटपुटणं, सगळं पेटीतल्या पेटीत राहिलं. मास्तरनं चष्मा लावला, अंगठा वर आला, रस्ते पुन्हा सुरू.

मास्तर निवडून आला. रस्ते आणि पूल खात्याचा मंत्री झाला. सरकारं आली, गेली. वरचे बदलले, खालचे बदलले. रस्ते आणि पूल मात्र साहेबांकडंच. दर वेळी नवीन माणूस यायचा, त्या खात्याच्या फायलींचा ढीग बघायचा आणि म्हणायचा, राहू द्या त्यांच्याकडंच. साहेबांचं कौतुक सगळीकडं एकच: माणूस गंभीर. उगाच शब्द वाया घालवत नाही. कुणाला दुखवत नाही.

आणि हॅलो दर सभेला स्टेजच्या कडेला, वायरींच्या जाळ्यात बसून, ओठ दाबून थरथरत असायचा. कारण साहेबांची खोड काही गेली नव्हती. सरळ सरळ भाषण चाललेलं असायचं, मग हात चष्म्याकडं जायचा. चष्मा काढला की आवाज खाली, चष्मा लावला की आवाज वर. हे दोघांत कधी ठरलं नव्हतं. साहेबांना याचा पत्ताच नव्हता. कर्ण्यांची तोंडं लोकांकडं, साहेब त्यांच्या पाठीमागं. आपला आवाज मैदानात कुठवर पोचतो ते बोलणाऱ्याला तिथून कळत नाही. शेजारी खुर्च्यांवर बसलेल्यांना ऐकू जायचं, पण चिमटा बहुतेक वेळा त्यांनाच घेतलेला असायचा. ते कशाला हसतात? ते तोंडं आणखी लांब करायचे.

पाठीचं दुखणं वाढलं तशी साहेबांनी निवृत्ती जाहीर केली. गावाच्या मैदानावर निरोपाचा समारंभ ठरला. हॅलोनं कर्णे पुसले, वायरींना नव्यानं टेप लावली. आणि साहेबांचा पीए स्कूटरवरून दुकानात आला.

"हॅलो, या वेळेला तुला आराम," तो म्हणाला. "राजधानीतून कंपनी येतेय. मोठी सिस्टीम. तू आणि वहिनी पाहुणे म्हणून या. दुसऱ्या रांगेत खुर्च्या ठेवल्यात."

"पण साहेबांना माझी सवय आहे."

"अरे, ती पोरं परदेशी कलाकारांचे कार्यक्रम करतात. साहेबांचं एक भाषण जमणार नाही?"

हॅलोच्या ओठांवर आलं होतं, सांगून टाकावं. पण काय सांगणार? तुमचे गंभीर साहेब एवढी वर्षं अर्धं भाषण माझ्या कानातच करत होते? पीए विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवला तर गावभर करेल. त्यानं पुसलेले कर्णे परत एकात एक घालायला घेतले.

घरी आल्यावर मात्र जेवण जाईना.

"अपमान झाला म्हणून रुसलात," वहिनी म्हणाली.

"अपमान गेला खड्ड्यात. अगं, त्यांचं आजवरचं नाव शेवटच्या दिवशी धुऊन निघणार. नवा मंत्री शेजारी बसणार. साहेब चष्मा काढणार, त्याच्यावर काहीतरी बोलणार, आणि ते सगळ्या मैदानाला ऐकू जाणार. लोक काय म्हणतील? एवढी वर्षं आपल्याला मेंढरं समजला म्हणतील!"

"ते एवढं वाईट बोलतात?"

"वाईट नाही गं. पण मंत्र्यानं बोलायचं नसतं असं."

"म्हणजे काय बोलतात?"

"ते सांगायचं नसतं," हॅलो म्हणाला आणि तोंडावर चादर ओढली.

समारंभाच्या दिवशी दुपारीच तो मैदानावर पोचला. कर्णे कुठं दिसेनात. कपाटाएवढे काळे स्पीकर एकावर एक रचलेले. मैदानाच्या मध्यभागी एका टेबलावर बटणांची एवढी मोठी पाटी, की हॅलोला क्षणभर कुठं बघावं कळेना. त्यामागं काळा टीशर्ट घातलेली एक तरतरीत बाई उभी.

"ताई, तुमचं मशीन फार सुंदर आहे," हॅलो म्हणाला. ते त्यानं मनापासून म्हटलं. "यात साहेबांचं बटण कुठलं?"

"हे. का हो काका?"

"मी जरा इथं उभा राहू का? भाषणापुरता? एकच बोट ठेवतो."

ती हसली. "काका, तुमच्या मशीनवर तुम्ही ठेवू द्याल कुणाला बोट?"

हॅलोनं पुढं केलेलं बोट मागं घेतलं. खरंच नसतं ठेवू दिलं.

"मग एवढंच करा," तो हात जोडून म्हणाला. "साहेबांनी चष्मा काढला की आवाज खाली घ्या."

"चष्म्याचा आणि आवाजाचा काय संबंध?" तिनं विचारलं. तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली आणि ती वायर ओढत निघून गेली.

हॅलो दुसऱ्या रांगेत येऊन बसला. जन्मात पहिल्यांदाच तो स्टेज समोरून बघत होता. साहेबांच्या पायाशी त्यांच्याकडंच तोंड केलेला एक छोटा स्पीकर होता, बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून. म्हणजे आता चष्मा काढून बोललेलं साहेबांना स्वतःलाही ऐकू जाणार.

भाषणं सुरू झाली. नव्या मंत्र्यानं तोंड उघडलं ते मिटायलाच तयार होईना. साहेब दूरदृष्टीचे नेते होते, साहेब म्हणजे एक संस्था होती, साहेब म्हणजे पूल होते. हॅलो अंगठा गुडघ्यावर घासत होता.

"अहो, गुडघ्याला बटण नाही," वहिनी कुजबुजली.

मग साहेब उठले. सावकाश माईकपाशी आले. गावाचे आभार मानले, खात्यातल्या माणसांचे आभार मानले, सगळं नेहमीसारखं जड आणि नीटनेटकं. हॅलोला जरा धीर आला. आणि साहेबांचा हात चष्म्याकडं गेला.

"ताई!" हॅलो अर्धा उठला. ताई शंभर खुर्च्यांपलीकडं होती.

साहेबांनी काच पुसली. मान डावीकडं वळवली. "दूरदृष्टीचे नेते म्हणे," ते पुटपुटले. "चष्मा काढला की मला बायकोसुद्धा दिसत नाही. म्हणून तर संसार टिकला."

त्या काळ्या कपाटांनी ते अक्षर न् अक्षर मैदानभर पोचवलं. अगदी गोड, कानात सांगितल्यासारखं.

मैदान चिडीचूप. साहेबांनी दचकून पायाशी पाहिलं. तो छोटा स्पीकर त्यांचंच वाक्य त्यांना सांगत होता. हॅलोनं डोळे मिटून घेतले. संपलं, त्याला वाटलं.

आणि शेजारून खिंकाळल्यासारखा आवाज आला. वहिनी. पदर तोंडात कोंबूनही थांबेना. तिच्यामागं एक म्हातारा फुटला, मग रांग, मग सगळं मैदान. पहिल्या रांगेत साहेबांच्या बाईसाहेब डोळे पुसत होत्या, आणि ते काही दुःखानं नव्हतं.

साहेब तसेच उभे. हातात चष्मा. हसण्याकडं असं बघत होते, जसं कुणी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघावा. मग त्यांनी मान पुन्हा डावीकडं वळवली आणि जपून, अंदाज घेत, पुटपुटून पाहिलं, "ऐकू गेलं का?"

"गेलं!" मैदान ओरडलं.

झालं. साहेबांनी हातातले कागद घडी घालून खिशात टाकले, चष्माही खिशात टाकला. पुढं जे काही झालं त्याला भाषण म्हणत नाहीत. नव्या मंत्र्याकडं वळून ते म्हणाले, "तुमच्या भाषणाएवढा लांब रस्ता मी उभ्या जन्मात बांधला नाही." तोही बिचारा हसला, काय करतो, मैदानच हसत होतं.

"बघा, तुमचं बटण नसताना कसं छान चाललंय," वहिनी म्हणाली. मग नवऱ्याचा चेहरा बघून तिनं हसू आवरलं. हॅलो पांढराफटक पडला होता. भीती सरली होती, पण आता त्याच्या मनात दुसरंच आलं होतं. आपण एवढी वर्षं या माणसाला वाचवत होतो, का गाडत होतो?

कार्यक्रम संपल्यावर तो वहिनीला घेऊन मागच्या बाजूनं सटकत होता, तर स्टेजमागं चहाच्या टेबलापाशी साहेब आडवे आले. बरोबर बाईसाहेब. साहेबांनी त्याच्या हातात चहाचा कप दिला.

"अरे हॅलो, तू कुठं होतास आज? आणि मला एक सांग, आज लोकांना काय झालंय? एवढी वर्षं मी विनोद करतोय, एक माणूस दात दाखवत नाही. आणि आज?"

"घरी येऊन रात्र रात्र तळमळायचे," बाईसाहेब म्हणाल्या. "म्हणायचे, माझ्यात विनोदबुद्धीच नाही."

हॅलोनं चहाचा कप खाली ठेवला. "होती साहेब. लोकांपर्यंत जातच नव्हती. तुम्ही चष्मा काढला की मी आवाज बंद करायचो."

"दर वेळी?"

"दर वेळी. पहिल्या सभेपासून. वखारवाले झोपले होते तेव्हापासून."

साहेबांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांना लावला आणि हॅलोकडं नीट पाहिलं. पीएनं हळूच दोन पावलं मागं घेतली.

"मला वाटलं तुम्हाला वाचवतोय," हॅलो म्हणाला.

"वाचवलंसच रे बाबा," बाईसाहेब मध्येच बोलल्या. "वखारवाल्यानं ते ऐकलं असतं, तर हे तेव्हाच पडले असते आणि शाळेत भूगोल शिकवत बसले असते. रोज संध्याकाळी घरी. मला चाललं असतं म्हणा."

साहेबांचे खांदे हलायला लागले. हॅलोला वाटलं रडतायत. मग खों खों असा आवाज आला. हसताना खोकला लागला, खोकताना हसू. पाठ धरून ते खुर्चीत बसले. "म्हणजे लोक मला गंभीर समजत होते! आणि मी लोकांना!"

"मला मात्र सगळं ऐकू यायचं, साहेब," हॅलो म्हणाला. "मी एकटा हसायचो. आवाज न करता. बरगड्या दुखायच्या."

"आणि घरी येऊन मला एक शब्द सांगितला नाही!" वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "एवढी वर्षं मी यांना विचारतेय, सभेत काय झालं, तर म्हणे, रस्ते."

"थांब गं," साहेब म्हणाले. "हॅलो, तुला आठवतं का? मला तर काही आठवत नाही. तोंडातून गेलं की गेलं. मोठ्या पुलाच्या उद्घाटनाला मी काय म्हटलं होतं?"

"म्हणालात, आधी इंजिनियरला पलीकडं जाऊन येऊ द्या, मग आपण."

टेबलाभोवती चहा पिणारी माणसं फिस्सकन हसली आणि जवळ सरकली. साऊंडवाली ताई वायर गुंडाळत होती, ती वायर हातात घेऊनच येऊन उभी राहिली.

"आणि शाळेच्या रस्त्याची पायाभरणी?"

"म्हणालात, हा दगड माझ्या ओळखीचा आहे, मागच्या निवडणुकीलाही भेटला होता."

साहेबांनी मांडीवर थाप मारली. "अरे, बरा आहे की मी! पुढं सांग. राजधानीतले ते बडे पाहुणे आले होते बघ, तेव्हा?"

हॅलोनं इकडंतिकडं पाहिलं. पीए उभा होता, नवा मंत्रीही चहाच्या निमित्तानं जवळ आला होता. त्यानं साहेबांच्या कानाशी वाकून तोंड नेलं.

"मोठ्यानं," बाईसाहेब म्हणाल्या आणि खुर्ची पुढं ओढून बसल्या.