पहिला झुरका मळणाऱ्याचा

हुक्क्याची तंबाखू मळायला शिकणाऱ्याला मी एकच सल्ला देतो: एका वेळी एकच वास. मी स्वतः तो पाळला नव्हता. मला शिकवणाऱ्याचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता आणि मला वाटलं, आता हा माणूस मला अडवणार कसा?

विद्यापीठाच्या नामांतराचा विषय निघाला की गावात माणसं आवाज खाली करून बोलायची, ती वर्षं. मी नवा मास्तर, बौद्ध घरातला. चुडाव्याला रेल्वेतून उतरून दोन तास चालल्यावर लागणाऱ्या एका खेड्यात माझी नेमणूक झाली होती. खोली मिळाली ती गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरात, गोठ्याच्या अंगाला. सगळा गाव त्यांना मालक म्हणे, मी काका म्हणायचो. मालक मला नको होता. काका तीन होते, चौथा चालला असता.

काकांच्या घरून मला रोज चहा यायचा. तो यायचा कान तुटलेल्या कपात. तो कप गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात राहायचा आणि मीच विसळायचो. बाकीचे कप घरात. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. पण मला राग यायचा, आणि चहा चांगला असल्यामुळे जास्तच यायचा. शेवटी गंगाखेडकडची शाळा मागून बदलीचा अर्ज लिहिला आणि खिशात घालून फिरू लागलो. पोरं नुकती वाचायला लागली होती, म्हणून तो पोस्टात टाकायला मन धजत नव्हतं.

त्याच सुमारास काका बैलगाडीवरून उतरताना पडले आणि हात मोडून बसले. हुक्का हा त्यांचा जुना शौक, निजामाच्या राज्यात कचेरीत कारकून असतानाचा. तंबाखू ते स्वतःच मळत. मुलगा बिडी ओढणारा, सून तंबाखूला हात लावायला तयार नाही. मी अंगणात वर्तमानपत्र वाचत होतो.

"गुरुजी, तुमी लिहिणारे-वाचणारे. प्रमाण बरोबर धराल. मळता का जरा?"

कोरड्या जिनसाला आणि गुळाला विटाळ नसतो, असा त्या घराचा सोयीचा कायदा होता. मी हो म्हणालो, पण रागातच.

पान उन्हात कडक वाळवायचं, उखळात कुटायचं, मग थोडी थोडी काकवी ओतत भाकरीच्या पिठासारखं मळायचं. काका खाटेवरून सांगत होते. "दाबून मळा, गुरुजी. तंबाखू लय मिजाजी असती. तिला वाटलं पायजे, कुणीतरी आपल्याला विचारायलाय." शेवटी वाळ्याची मुळं कुटून चिमूटभर घाला, बस्स, असं सांगून ते जेवायला आत गेले.

आणि मला चेव आला. वाळा घातला, मग काकांच्या सामानातलं केवड्याचं पाणी, मग वेलदोडे, बडीशेप, मोसंबीची वाळलेली साल. तरीही वास दबलेलाच वाटला म्हणून काकवी आणखी ओतली. त्यांच्या एका चिमटीपेक्षा माझं डोकं चांगलं चालतं, हे मला दाखवायचं होतं. नवशिक्याला समोरचे जिन्नस संपेपर्यंत थांबताच येत नाही. बरणीत आठ दिवस मुरवून झाकण उघडलं तेव्हा आतून सुनेनं विचारलं, "कुणाचं लगीन हाय का?"

संध्याकाळी काकांचे दोन म्हातारे दोस्त आले. मी चिलीम भरली, वर बाभळीचे निखारे ठेवले. एकानं नळी उचलली आणि तशीच धरून विचारलं, "मळली कुणी?"

"गुरुजींनी," काका म्हणाले. मग दोस्ताच्या बोलण्यातून मला ती रीत कळली. ज्यानं मळली त्यानं पहिला झुरका घ्यायचा, मगच नळी फिरते. आत काही भलतंसलतं नाही, याची ती हमी. आजवर काकाच मळत असल्यामुळे प्रश्न आलाच नव्हता. नळी सगळ्यांना मिळून एकच.

मला कोनाड्यातला कप दिसायला लागला. काका "राहू द्या, गुरुजी" म्हणाले की उद्या सकाळी अर्ज पोस्टात, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. मेहेरबानी मला नको होती, म्हणून मी नळीकडे हातही केला नाही.

काकांनी निखाऱ्यांवर फुंकर घातली. मग डाव्या हातानं दोस्ताकडची नळी घेतली आणि माझ्यापुढे केली. "रीत म्हंजे रीत. ओढा."

मी आयुष्यात बिडीसुद्धा ओढली नव्हती. जीव खाऊन ओढलं आणि केवडा, वेलदोडा, मोसंबी सगळे एकदम घशात भांडायला लागले. ठसक्यानं डोळ्यांतून पाणी आलं, तरी माझी नजर नळीवरच होती. काकांनी ती घेतली. पुसली नाही. लांब झुरका घेतला आणि प्लॅस्टरचा हात छातीशी धरून माझ्यापेक्षा जोरात खोकले.

एका दोस्ताला घरचं काम आठवलं आणि तो उठून गेला. तंबाखूमुळे की माझ्यामुळे, ते मला आजही माहीत नाही. दुसऱ्यानं मात्र ओढली आणि म्हणाला, "न्हाव्याच्या दुकानाला आग लागल्यावानी हाय."

"काकवी लय झाली," काका डोळे पुसत म्हणाले. "उद्या पुन्हा मळा. तुमीच."

मला इतका आनंद झाला की माझाच मला राग आला.

दुसऱ्या दिवशी चहा आला, तो त्याच कान तुटलेल्या कपात. मी हात लावला नाही. एवढ्या महिन्यांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "काका, नळी चालती, मग कप का न्हाई?"

चहावर साय धरली. मग काकांनी आत हाक मारली, "सूनबाई, घरातला कप आणा."

सुनेनं दोन आणले, दोन्ही कानवाले, आणि एकाच ताटलीत ठेवले. चहा पिऊन मी मळायला बसलो. या खेपेला फक्त वाळा, चिमूटभर. बरणीच्या तोंडाला फडक्याखाली घालायला कागद लागला तेव्हा खिशातला अर्ज काढला. कोरा नव्हता, पण बरणीला पुरला.