सायकलच्या ट्यूबचे ओठ

मी काही लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, तेव्हा हा लिहिण्याचा आगाऊपणा माफ करा. पण आज पंक्चरच्या दुकानातल्या सोल्युशनचा वास आला आणि नाशिकला शेवटच्या वर्षी मी केलेलं यंत्रमानवाचं बोलकं डोकं पुन्हा आठवलं. त्याचे ओठ सायकलच्या ट्यूबचे होते, आत टेप बसवला होता आणि आवाज आईचा होता. रेकॉर्डिंगला ती लाजली, म्हणून मी म्हटलं, "फुलबाजारात ओरडतेस तेच बोल." परीक्षेच्या दिवशी आईही गावाहून आली, आमच्याच मळ्यातली शेवंती माळून. मी बटण दाबलं. "या भाऊ, ताजी शेवंती हाय, बघा तरी!" आवाज संपला तरी ओठ उघडझाप करतच राहिले. पोरं हसली. परीक्षक म्हणाले, "हे माणूस वाटतच नाही." आई माझ्या कानाशी म्हणाली, "मरनाऱ्याच्या तोंडात पानी घालतात ना, तवा असंच तोंड हलतं रे. बंद कर ते." मी बंद केलं. कॅसेट आतच राहिली आणि डोकं कॉलेजच्या प्रयोगशाळेत. गेल्या वर्षी अर्धांगवायूने आईची वाचा गेली. आता तिचे ओठ हलतात, आवाज येत नाही. तो आवाज त्या कॅसेटशिवाय कुठेच नव्हता, म्हणून मी कॉलेजला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. शेवटी काल तिथल्या शिपाईकाकांचा फोन आला: प्रयोगशाळा आवरली तेव्हाच ते डोकं कॅसेटसकट भंगारात गेलं.