मागचा डावा टायर

थोरल्या जाऊबाई हसायला लागल्या की खाट करकरायची. अंगानं भरलेल्या, आणि त्याची त्यांना लाज नव्हती. कुणी चिडवलं तर म्हणायच्या, "हवा न्हाय भरली, ज्वारी खाल्लीया." सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही.

घरात गाडी आली ती थोरल्या दिरांची. अक्कांची जागा मागे डावीकडे, खिडकीशी. मांडीवर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा. मोहोळ गाव यायच्या आत तो उघडायचाच.

पुढे मागचा डावा टायर आतल्या कडेनं झिजू लागला. बाहेरून नक्षी शाबूत, आतून तारा दिसत होत्या. दिरांनी पुढच्या चाकांची अलाइनमेंट करून आणली. मागची चाकं पुढच्यांच्या मागं येतात, त्यांना काय करायचं असतं, असं त्यांचं मत. नवा टायर घातला, तोही तसाच गेला. तेव्हा दारात सगळ्यांपुढे म्हणाले, "गाडी टायर खात न्हाय, ही खातीया. कायम तितंच बसती."

सगळे हसले. अक्काही हसल्या. "बरं, उजवीकडं बसते की," म्हणाल्या. पण तेव्हापासून त्यांना न्यायचंच बंद झालं. लग्नकार्याला घर गाडीनं जायचं आणि अक्का एसटीनं. आमची जेवणं उरकत आली की त्या पदरानं घाम पुसत मांडवात यायच्या.

करकंबहून त्यांच्या भावाचा फोन आला. आईचं खरं नाही, लगेच निघा. अक्का पातळ बदलून गाडीपाशी उभ्या राहिल्या.

"अवो, आज तरी चला."

दीर म्हणाले, "एवढ्या लांब तुझं वजन घेऊन टायर फुटला तर? एसटीनं हो म्होरं."

अक्का एसटीनं गेल्या. पोचल्या तेव्हा आई गेली होती. शेवटचं पाणी भावजयीनं पाजलं. म्हातारी दाराकडे बघून "आली का?" विचारत होती म्हणे.

अक्का गाडीत नसतानाही तो टायर झिजतच राहिला. शेवटी दुकानात मागची चाकंसुद्धा मशीनवर तपासली. मागचा एक्सल वाकलेला निघाला. दिरांनीच एकदा गाडी पाटाच्या चारीत घातली होती, तेव्हापासूनचा.

घरी येऊन म्हणाले, "एक्सल वाकला व्हता. बदलला. मिटलं."

अक्का भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "म्हंजी आई व्हती तवा बी वाकलेलाच व्हता की."

दिरांनी चहा मागितला. मला त्या माणसाचा एवढा राग कधी आला नव्हता. अक्कांनी चहा ठेवला.

काही दिवसांनी दिरांनी गाडीचं मागचं दार उघडलं. "चल, करकंबला जाऊन येऊ."

"तितं आता कोण हाय?" म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या. त्या गाडीत पुन्हा बसल्या नाहीत. एसटी, रिक्षा, नाहीतर पायी.

गेल्या वर्षी भरदुपारी त्यांच्या छातीत कळ आली. दीर किल्ली घेऊन धावले. अक्कांनी माझा दंड धरला. "रिक्षा बोलीव," म्हणाल्या. रिक्षा येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिल्या. समोर गाडी सुरू होती, दार उघडं होतं, दीर हात जोडून उभे होते. रिक्षा आल्यावर माझ्या आधारानं चढल्या आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चल रं बाबा."

दवाखाना आला तेव्हा त्या गेल्या होत्या.