नाकमुरड्याचा अर्धा तास

आमच्या शेजाऱ्याला सगळी गल्ली नाकमुरड्या म्हणते. ही पदवी मीच दिलेली, त्यामुळे जबाबदारीही माझीच. धंद्याने तो गाड्यांचे एसी दुरुस्त करतो, म्हणजे दिवसभर लोकांच्या घाणीत हात घालतो; आणि स्वभाव असा, की चहाच्या कपाचा आधी वास घेतो, मग तोंडाला लावतो. माझ्याकडे आला की बसण्याआधी खुर्चीवर रुमाल फिरवतो. मी म्हणते, "पुसा, पुसा. टेबलही घ्या लगे हात."

त्याचं गॅरेज माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आहे. म्हणून पुढचं सगळं मी भांडी घासता घासता पाहिलं. माझी भांडी इतकी चकचकीत का असतात, ते आता कळलं असेल.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा मेहुणा ट्रक घेऊन आला. दोनच दिवसांपूर्वी भर दुपारी त्याला गाडी चालवताना घेरी आली होती आणि ट्रक रस्त्याकडेचा कठडा घासत गेला होता. थोडक्यात वाचला. तीन मेकॅनिकांनी तीनदा एसीत गॅस भरून दिला होता, तरी केबिनची भट्टी ती भट्टीच.

"अहो," नाकमुरड्याची बायको म्हणाली, "उद्या त्याला परत निघायचंय. पुन्हा घेरी आली तर माझा भाऊ घरी यायचा नाही. तुम्हीच बघा."

त्याने दार उघडलं मात्र, वास वर माझ्या खिडकीपर्यंत आला. मी नळ बंद केला. आंबलेलं दूध, ओले मोजे आणि या दोघांच्या मागे दबा धरून बसलेलं काहीतरी मेलेलं. हवेच्या जाळीवर मोजे वाळत घातलेले. सीटखाली पाव होता, त्याला हिरवी लव आलेली.

"तू इथे राहतोस?"

"जेवतो, झोपतो, सगळं इथेच, दाजी."

"सगळं म्हणू नकोस."

त्याने मीटर लावून पाहिलं. गॅस भरपूर, कॉम्प्रेसर ठणठणीत, हवा गार. मग बिघडलंय काय?

"निघताना गारच असतं," मेहुणा म्हणाला. "अर्ध्या तासाने वाराच येईनासा होतो."

"हे त्या तिघांना सांगितलंस?"

"सांगितलं की. पण ते दोन मिनिटांच्या वर आत थांबलेच नाहीत."

नाकमुरड्याचा चेहरा पडला. मला वरून कळलं, तसं त्यालाही कळलं होतं. रोग अर्ध्या तासाने दिसणारा. म्हणजे काचा लावून अर्धा तास आत बसणं आलं. हात जाळीसमोर, नाक जागच्या जागी.

"दुसरा उपाय नाही?" त्याने कोणाला विचारलं देव जाणे.

"आहे ना," मी वरून म्हणाले. "गॅस भरा चौथ्यांदा."

"वहिनी, तुम्ही भांडी घासा."

बायको नुसती भावाकडे बघत राहिली. तेवढ्याने तो आत चढला. रुमाल बांधला, त्यावर दुसरा बांधला आणि काच लावली. दहा मिनिटांनी त्याचे डोळे पाण्याने भरले. विसाव्या मिनिटाला त्याने कपाळ काचेला टेकलं. मी हात हलवला, त्याने हलवला नाही. अर्धा तास भरत आला आणि तो एकदम ताठ झाला. जाळीतला वारा मरत चालला होता.

बाहेर उडी मारून त्याने आधी तीन लांब श्वास घेतले, मग डॅशबोर्डखालचा खोका उघडला. आतल्या कूलिंग कॉइलवर बर्फाची वीट जमलेली. वाट बंद, मग वारा येणार कुठून?

"फिल्टर कुठंय?"

"तो मीच काढून फेकला, दाजी. वारा जास्त यावा म्हणून."

त्या अकलेची फळं बर्फ वितळल्यावर बाहेर आली. केसांचे पुंजके, बियांची फोलपटं, कागदाच्या लगद्याचं घरटं आणि घरट्यात घरमालक उंदीर, चपटा झालेला. पाणी जायची नळीही त्याच्याच केसांनी तुंबलेली. मेहुणा नाक दाबून दहा पावलं मागे सरला.

"मागे काय सरतोस? तुझेच भाडेकरू आहेत!" नाकमुरड्या ओरडला, मग गटाराकडे धावला आणि सकाळचा चहा तिथे ठेवून आला.

कॉइल त्याने चारदा धुतली, नवा फिल्टर बसवला, नळी मोकळी केली. केबिन मेहुण्याकडून घासून घेतली. पुन्हा अर्धा तास तपासायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "एकदा मी बसलो. आता तू."

अर्धा तास झाला, पाऊण झाला. आत हालचाल दिसेना. मेहुण्याची मान छातीवर पडलेली. बहीण पांढरीफटक. "अहो, तो उठत नाहीये!" ती काचेवर दोन्ही हातांनी बडवू लागली. माझ्या हातातला तवा खाली पडला. नाकमुरड्याने दार खेचलं.

गार वाऱ्याचा झोत त्याच्या तोंडावर आला. मेहुण्याने एक डोळा उघडला. "दाजी, थंडी वाजतेय. चादर आहे का?"

बहीण रडत रडत हसली. नाकमुरड्या मात्र हसला नाही. तो जाळीकडे बघत होता. तिथे पुन्हा एक मोजा वाळत घातलेला होता.

त्याने पक्कड आणली, मोजा तिच्यात धरला आणि हात लांब करून बायकोपुढे धरला.

"घे. हे तुझ्या माहेरचं."