नवशा कुठल्या गावचा?

पेज नदीच्या बंधाऱ्यावर मी आन् नवशा पाय सोडून बसलेलो. खाली एका रिसॉर्टवाल्यानं सर्फिंगची स्पर्धा ठेवलेली. वरून पॉवरहाऊसचं पाणी सुटलं की बंधाऱ्याखाली एक लाट जागच्या जागी उभी राहते. तिच्यावर फळी टाकून कोण जास्त टिकतो, येवढंच. एक पोरगी नीट टिकली, बाकी सगळे धपाधप पाण्यात.

"त्यो निळ्या चड्डीवाला बघ," नवशा म्हणला. "म्हशीवर बसल्यागत बसला."

मी हसलो, पन माजं ध्यान तिथं नव्हतंच. संध्याकाळी चौक गावात फुटबॉलची फायनल. आमचं गाव पयल्यांदा फायनलला पोचलेलं, ते बी नवशामुळं. त्यो आमचा गोलकीपर.

नवशा डोंगराखालच्या ठाकूरवाडीचा. त्याची आय, हिरू, कर्जतच्या बाजारात रानभाजी इकते. फुटबॉल आश्रमशाळेत शिकला, मग शाळा सोडली, माज्यासारखीच. आता फार्महाऊसच्या कामांवर मजुरी करतो. खेळतो अनवाणी. सेमीफायनलला कपाळ फुटलं, रगत डोळ्यात उतरलं, तरी गोल सोडला नाय. तवा गावानं त्याला खांद्यावर घेऊन मिरवला. "आपल्या गावचा वाघ!" असं वरडत होते सगळे.

पन स्पर्धेचा नियम हाय, एक गाव एक संघ. भायेरचा चालत नाय. समोरच्यांनी हरकत घेतली, ह्यो वाडीचा, गावचा नाय. कमिटी म्हणली, तुमच्या गावकीनं सांगावं त्यो आमचा हाय, मग खेळू द्या. एक शब्द टाकायचा होता फकस्त. त्यासाठीच देवळात गावकी बसलेली. वाडीवाल्याला तिथं बसायला जागा नाय, म्हणून आमी नदीवर.

"सांगतील रं," नवशा म्हणत होता. "न सांगून जातील कुठं?"

तेवढ्यात आमचा कॅप्टन स्वप्नील बाईक घेऊन आला. इंजिन बंद केलं नाय, तवाच मला कळलं.

"गावकीत येसाजी आबाच म्हणले, पोरगा चांगला हाय," त्यो माज्याकडं बघून बोलला, नवशाकडं नाय. "पन आज याला गावचा म्हणलं, तर उद्या अख्खी वाडी गावकीत येऊन बसंल. नळाला वाटा मागंल, पालखीला खांदा मागंल."

"मग गोलात कोण? तुजा बाप?" मी वरडलो.

"रुद्र."

"आबांचा नातू? अरे, त्यो मोहोपाड्याच्या कॉलनीत जल्मला! गावात येतो फकस्त गणपतीला, मोदक हाणाया!"

"मला नको सांगू. मी बोललो तिथं."

"काय बोललास?"

स्वप्नील नवशाकडं वळून हळूच म्हणला, "नवशा, ते ग्लोव्ज दे रं. वर्गणीतनं घेतलेले हायत. रुद्रला लागतील."

नवशानं पिशवीतनं काढले. धुऊन आणलेले. "डावा ढिला हाय," म्हणला. "त्याला सांग, मनगटाला दोरी बांध."

माजं टकुरं फिरलं. अंगातली जर्सी काढली आन् स्वप्नीलच्या तोंडावर फेकली. "मी नाय खेळत."

"तू बॅकला नसलास तर हरू आमी."

"हरा. गावकीला उभं करा बॅकला."

त्यो गेल्यावर नवशा माज्यावरच उखडला. "येडा हायस का? तुला कोण नको म्हणलं? जा, खेळ!"

नाय गेलो. तिथंच उघडा बसून ऱ्हायलो. खाली त्या पोरीला कप दिला. माइकवाला म्हणला, स्थानिक गावकऱ्यांचे आभार. कसले आभार? पाणी पॉवरहाऊसचं, नदी देवाची.

स्पर्धा उठली, गाड्या गेल्या. अंधार पडला तसे गावाकडनं फटाके वाजाया लागले, मागोमाग ताशा. जिंकलेले. माज्याबिगर, याच्याबिगर. मला वाटलेलं हरतील, हरावंत असंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

नवशा उठून उभा राहिला. ताशाच्या दिशेनं बघत होता. तोंड येवढंसं झालेलं, तरी म्हणला, "जिंकलो रं आपण."

आपण! दुसऱ्या कोणी म्हणलं असतं तर थोबाड फोडलं असतं.