नाळेतला ठोका

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

श्रीगोंद्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी सिस्टर आहे. बाळंतपणं करण्यात उमर गेली. प्रशिक्षणंही पुष्कळ झाली — नगरच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, पडद्यावर चित्रं, दुपारी जेवण. परत येताना काय घेऊन यायचे मी? काहीच नाही.

गेल्या वर्षी मात्र एक डॉक्टर मॅडम आमच्याच दवाखान्यात आल्या. भाषण नाही. बाळंतपणाच्या टेबलावर त्यांनी रबरी बाहुली ठेवली आणि विचारलं, हे बाळ रडत नाहीये, आता काय कराल? आम्ही सगळ्या सिस्टर टेबलाभोवती सरकलो. मग अंबू बॅग — बाळाच्या नाकातोंडावर धरून दाबायची ती हवेची पिशवी — त्यांनी एकेकीच्या हातात दिली. मी दाबलेली हवा बाहुलीच्या तोंडाच्या कडेनंच निसटत होती. मॅडमनी माझी बोटं धरून बाहुलीची हनुवटी वर केली. जराशीच. मी दाबलं — आणि ती रबरी छाती वर आली. अंगावर काटा आला माझ्या. एवढंच असतं?

थोड्याच दिवसांत एका ऊसतोड बाईचं बाळ निळं जन्मलं. गप्प, लुळं. माझे हात आपसूक अंबू बॅगकडे गेले. छाती वर आली. पुन्हा. पुन्हा. ओठांवर हळूहळू गुलाबी रंग चढत गेला — आणि ते रडलं. आयुष्यभर बाळं जन्मताना पाहिली, पण जीव असा आपल्या बोटांखाली परत येताना... मी भिंतीला टेकून उभी राहिले. डोळ्यांना धार लागलेली. सगळ्यांना वाटलं, आनंदानं.

आनंद होताच. पण —

शमीम. तिच्या नवऱ्याचं काष्टीच्या बाजारात बांगड्यांचं दुकान. ती पहिलटकरीण होती, फार वर्षं झाली त्याला. तिचंही बाळ असंच निळं, गप्प. डॉक्टर बाहेरगावी. मी पाठ चोळली, तळपायांवर टिचक्या मारल्या. अंबू बॅग कपाटात होती — मी कधी हात न लावलेली. ती काढली असती, तर? मला ती वापरता येत नाही, हे तिच्या सासूपुढं, आयाबाईपुढं उघडं पडलं असतं. म्हणून नाही काढली. समजतंय ना? जीव बाळाचा जात होता, आणि मला भीती माझ्या अब्रूची होती.

बाहेर येऊन मी सांगितलं, बाळ पोटातच गेलं होतं.

खोटं. नाळ माझ्या चिमटीत होती आणि तिच्यात बाळाच्या काळजाचा ठोका होता. तो थांबेपर्यंत मी ती धरून उभी होते.

घरी जाताना शमीमनं माझे हात हातात घेतले. म्हणाली, “ताई, तुमी लई केलं. आमच्याच नशिबात न्हवतं.”

मी तिला हो म्हटलं.