सिंधूची मूठ

सणसरात आमच्या शेजारी सिंधू राहायची. किल्लारीचा भूकंप झाला त्या साली तिची मूठ वळायची थांबली. सकाळी उठावं तर बोटं केळ्यासारखी सुजलेली, दुपारपर्यंत कशीबशी नरमायची. वय तरी किती, बत्तीस. आणि म्हैस अशी मानी की सिंधूशिवाय कुणाला कासेला हात लावू देईना. सासू दगडाबाई चरवी घेऊन बसल्या, तर म्हशीनं चरवी एकीकडं उडवली न् सासू एकीकडं.

शेणातनं उठल्या त्या तोंड सोडूनच. "माहेरचा वात घिऊन आली बया! आमच्यात असलं खूळ न्हाय. जा माहेरी, तितंच औषध कर!"

सिंधू कसली जातीय? मीच म्हटलं, बारामतीत हाडांचा नवा डॉक्टर आलाय, चल दाखवू. तर दगडाबाई आमच्या आधी एस्टीत चढून बसल्या. "मीबी येती. न्हायतर ही माहेरचं झाकून ठिवील."

डॉक्टरनं बोटं दाबून बघितली, रक्त तपासलं. म्हणाला, "हा आमवात. मेंढरं राखायला ठेवलेलं कुत्रं उलटून आपल्याच मेंढरांना चावावं, तसं आहे हे. रक्तातली राखणच सांध्यांवर उलटलीय. आत्ता आवरलं नाही तर बोटं कायमची वाकडी होतील. माहेरी कुणाला होतं का?"

"हिच्या आज्जीला!" दगडाबाई सुनेच्या आधी बोलल्या. "बोटं नुसती दाताळ्यावानी वाकडी!"

"आणि सासरी?"

"कुनालाच न्हाय."

सिंधू हळूच म्हणाली, "आत्या, माझी आज्जी म्हंजी तुमची आईच की वो."

डॉक्टरचं पेन थांबलं. भावाची पोर सून करून आणलेली, अन् बाई सहा महिने आपल्याच माहेराचा उद्धार करत होत्या! मी पदर तोंडात कोंबला, तरी हसू नाकातनं आलं.

"आजी, तुमचे हात बघू."

हात पदराखाली गेले. डॉक्टरनं पुन्हा मागितले तेव्हा बाहेर आले, ते वाकडेच. "कामानं झाल्यात," दगडाबाई म्हणाल्या, पण आवाज पार खाली.

"घराण्यातनं येतं, पण सगळ्यांना होत नाही," डॉक्टर म्हणाला. "चेतवणारं काहीतरी लागतं. तंबाखूवर आम्हाला संशय आहे. तंबाखू कोण खातं?"

"कुनीच न्हाय!" सासूसुना एका सुरात.

"मिसरी?"

"आवं, ती दात घासाया!"

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "तंबाखूच ती, आजी, भाजलेली." दोघींच्या कनवटीच्या डब्या त्यानं टेबलावर ठेवून घेतल्या. आठवड्याला एकच घ्यायची गोळी दिली, दर महिन्याला रक्त तपासायला ये म्हणाला. दगडाबाईंनाही तीच गोळी. येताना एस्टीत कुणी कुणाचं माहेर काढलं नाही.

चार महिन्यांनी एका सकाळी सिंधू पळतच ओट्यावर आली आणि सासूच्या नाकाखाली मूठ धरली. घट्ट, पुरती वळलेली.

"मारतीस का काय मला?"

"न्हाय वो आत्या, दाखवती!"

दगडाबाईंनी ती मूठ उलटसुलट करून बघितली, दाबून बघितली.

"दुसरीबी दाखव," म्हणाल्या.